गरम चकत्यांची बरणी

नदी डोंगराला वळसा घालून जिथे पुन्हा सपाटीवर येते, तिथल्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांचे वय किती, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी विचारलेच, तर ते परसातल्या चिंचेकडे बोट दाखवून म्हणत, "तिला विचारा. ती माझ्याहून थोडी थोरली आहे." औषध देताना त्यांचा हात सढळ असे, बोलताना मात्र फारच आखडता. रोग्याला तीन पुड्या आणि दोन शब्द मिळत. पुड्या तीनच का, असे विचारायचे धाडस कोणी केले, तर आणखी एखादा शब्द पदरात पडे.

त्यांच्याकडे शिकायला येई ती द्वारका. गावातल्या एका विणकराची बायको, तिशी ओलांडलेली, हाताने चलाख आणि स्वभावाने तापट. तीन वर्षांपूर्वी "मला औषधे शिकवा" म्हणून ती दारात उभी राहिली, तेव्हा वैद्यांनी तिला आत घेतले आणि खल-बत्त्याऐवजी कारल्यांनी भरलेली टोपली तिच्या हाती दिली. "आधी भाजी वाळवायला शीक," ते म्हणाले. "जिची कारली बुरसतात, तिच्या औषधावर कोणी विसंबू नये." द्वारकेच्या नाकाचा शेंडा लाल झाला, पण टोपली तिने घेतली.

आश्विनातली पौर्णिमा उलटली की वैद्यांच्या त्या परसाला एक तंद्री लागे. पावसाने धुतलेले आकाश उंच गेलेले असे. उन्हाला धार असे, पण घाई नसे. दोडक्याच्या वेलावर शेवटची पिवळी फुले सांजेला उमलत, पानांच्या कडा करपू लागलेल्या असत, आणि इतके दिवस वेलाआड लपून राहिलेला एखादा दुधी अचानक दिसे, तोवर तो पार निबर झालेला असे. कारली तर इतकी येत, की वैद्य टोपली घेऊन निघाले की शेजारपाजारच्यांनी दारे लावून घ्यावीत. फुलपाखरे या सगळ्यावरून हलकेच तरंगत जात. त्या परसात दुपारी उभे राहिले की आपण जागे आहोत की नाही, हे माणसाला क्षणभर कळत नसे.

तोडायचे, धुवायचे, चिरायचे, मीठ लावून वाळवायचे आणि भरून ठेवायचे, एवढाच त्या दिवसांचा नेम होता. कारल्याच्या चकत्या, ताकात मुरवलेल्या गवारीच्या शेंगा, मसाला भरलेल्या मिरच्या अंगणभर पसरत. कोहळे शिंक्यात जात, भोपळे माळ्यावर. पुढे वैशाखात परस कोरडे पडले, की गावातल्या आजाऱ्यांना आणि बाळंतिणींना तोंडाला चव यावी म्हणून याच बरण्यांतून मूठमूठ जाई. पहिली दोन वर्षे द्वारकेकडे फक्त चिरण्याचे आणि उलटण्याचे काम होते. बरण्या वैद्य स्वतः भरत, तेही ती संध्याकाळी घरी गेल्यावर. या वर्षी मात्र ते म्हणाले, "बरण्या तू भर." हे ऐकून द्वारकेला आकाश ठेंगणे झाले.

चकत्या वाळून खुळखुळू लागल्या, त्या दिवशी दुपारी ती त्या शेवटच्या खेपेला उलटत होती. तेवढ्यात कुंपणाशी बांगड्या किणकिणल्या. पाच कोसांवर द्वारकेचे माहेर होते. तिकडून बाजार करत येणारी कासारीण डोक्यावरची टोपली उतरवून उभी होती.

"द्वारकाबाई, तुझ्या भावाचा निरोप हाय," ती म्हणाली. "वद्य नवमीला तुझ्या आईचं वर्षश्राद्ध. सोपान म्हनला, अक्काला म्हनावं, ये."

द्वारकेचा हात चकत्यांवरच थांबला. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "त्याला सांग, मला भाऊ नाही."

कासारणीने कानांवर हात ठेवले. "आगं बया! लेकीबाळींच्या हातात बांगड्या भरनारी मी. असला निरोप माझ्या तोंडून कसा निघंल? परवा सांजच्याला मी ह्याच वाटंनं माघारी जानार हाय. तवा काय ते सांग."

ती गेली. वैद्य चिंचेखाली बिया निवडत बसले होते. त्यांनी सर्व ऐकले, पण मान वर केली नाही.

घडले होते ते असे. गेल्या आश्विनात एका सकाळी द्वारकेला माहेरचा सांगावा आला, की आई पहाटे गेली. लेक पोचेपर्यंत थांबायचे, तिला आईचे तोंड पाहू द्यायचे, ही त्या भागातली रीत. पाच कोसांवरच्या लेकीसाठी तर कोणीही थांबतो. द्वारका भर उन्हात धावतपळत गेली आणि नदीकाठी पोचली, तेव्हा चिता जळून बसत आली होती. सोपान, तिचा पाठचा भाऊ, बाजूला उभा होता. तो "अक्का, ऐक" असे म्हणू लागला. द्वारकेने ऐकले नाही. ती तिथूनच माघारी फिरली, घराचा उंबरा न ओलांडता, कोणाशी एक शब्द न बोलता. त्यानंतर वर्षभर तिने माहेरचे नाव काढले नाही. शेजारणी विचारत, तेव्हा ती म्हणे, "झालं गेलं. आता त्याचं काही वाटत नाही." हे ती इतक्या थंड आवाजात म्हणे, की विचारणाऱ्या बाईला तिचे कौतुक वाटे.

आज मात्र तिच्या हातांना काही सुचेना. तिने उन्हातल्या चकत्या भराभरा सुपात ओढल्या, तशाच बरण्यांत कोंबल्या, वर झाकणे दाबून बसवली. दव पडायच्या आत, मुंग्या लागायच्या आत, हे सगळे एकदाचे बंद झाले पाहिजे, असे तिच्या मनात होते. प्रत्येक बरणीच्या तोंडाला तिने फडक्याचा दादरा बांधला आणि दोरीची गाठ दातांनी आवळली. पाच बरण्या ओळीने फळीवर लागल्या.

वैद्य दारात येऊन उभे राहिले होते. "झाकल्यास?" त्यांनी विचारले.

"झाकल्या."

"बरं," ते म्हणाले आणि आत गेले.

मधला एक दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी द्वारका आली, तेव्हा अंगणात जे चालले होते ते पाहून ती जागच्या जागी थिजली. वैद्यांनी पाचही बरण्या फोडाव्यात तशा उघडल्या होत्या आणि त्यातल्या चार एकामागून एक चटईवर पालथ्या घातल्या होत्या. चार दिवसांची तिची मेहनत अंगणात पसरली होती. पाचव्या बरणीतले तर त्यांनी चटईवरही घेतले नाही. सरळ खताच्या खड्ड्यात रिकामे केले.

"बाबा, हे काय केलंत?" ती जवळजवळ ओरडलीच. "कंबर मोडेस्तोवर राबले मी!"

 वैद्यांनी एक झाकण उचलून तिच्यापुढे धरले. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब होते. तिने एक चकती उचलली. परवा खुळखुळणारी चकती आज बोटांत नरम लागली, आणि तिला कुबट वास येऊ लागला होता.

"कसं शक्य आहे?" द्वारका म्हणाली. "मी स्वतः झाकणं लावली. पाण्याचा थेंब आत जायला जागा नव्हती."

"नव्हतीच," वैद्य म्हणाले, आणि चकत्या चटईवर पसरू लागले.

दुपारपर्यंत उन्हाने आपले काम केले. आश्विनातले ऊन ते. चकत्या पुन्हा कडकडीत झाल्या. द्वारकेने बरण्या पुसून तापवून आणल्या आणि सूप उचलले. पण वैद्यांनी तिच्या हातून सूप घेतले, सगळ्या चकत्या आतल्या खोलीत नेल्या, जुन्या धोतरावर त्यांचा ढीग केला आणि त्या ढिगाशेजारी मांडी घालून बसले. बाहेर लख्ख ऊन होते. हा माणूस अंधाऱ्या खोलीत काही न करता बसला होता.

"आता भरू?" थोड्या वेळाने तिने विचारले.

"थांब."

"कशासाठी?"

"काही नाही. नुसती थांब."

नुसते थांबणे द्वारकेला कधी जमले नव्हते. ती उठली, बसली, पुन्हा उठली, बरण्या दोनदा पुसून झाल्या. शेवटी ती भिंतीला टेकली. खोलीत कारल्याचा कडसर, उन्हाळलेला वास भरून राहिला होता. कौलांच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात धूळ संथपणे वरखाली होत होती. ते पाहता पाहता द्वारकेचे डोळे मिटले. झोप नव्हती ती, पण जागही नव्हती. तिला नदीकाठ दिसला. सोपान दिसला, ओल्या धोतरात, विटकरीसारखे लाल डोळे झालेला. तो तिच्याकडे वळला आणि बोलू लागला. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. ती पुढे झाली. तो काय म्हणतो आहे ते ऐकावे, असे तिला त्या गुंगीत फार वाटले. वर्षभरात प्रथमच वाटले.

"हात घाल," वैद्यांचा आवाज आला.

तिने डोळे उघडले. ते ढिगाकडे पाहत होते. तिने वरच्या चकत्यांवर हात ठेवला.

"गार आहेत," ती म्हणाली.

"वर नको ठेवूस. पोटात घाल."

तिने हात ढिगाच्या आत सारला. आत ऊब होती. वरच्या चकत्या केव्हाच निवल्या होत्या आणि मधल्या अजून तापलेल्याच होत्या, इतक्या, की तिने दचकून हात मागे घेतला. मग पुन्हा घातला आणि तसाच ठेवला.

तेव्हा वैद्य बोलले, आणि एरवी महिनाभरात बोलले नसते इतके बोलले.

"तू म्हणालीस ते खरं, बाहेरचा थेंबही आत गेला नाही. ते पाणी चकतीचंच होतं. कडकडीत वाळलेली वस्तूसुद्धा गरम असते तोवर आतल्या आत थोडा वाफारा धरून असते. उघड्यावर राहिली तर तो निघून जातो, कोणाला कळतही नाही. झाकण लावलं की त्याला वाट राहत नाही. तो झाकणाला जाऊन लागतो, पाणी होतो आणि त्याच चकत्यांवर पडतो. मग आपण हवेला नावं ठेवतो, बरणीला नावं ठेवतो."

 द्वारकेचा हात अजून ढिगातच होता.

"तुझ्या भावाचं काय चुकलं, मला माहीत नाही," वैद्य पुढे म्हणाले. "कदाचित मोठं चुकलं असेल. मी त्याची वकिली करत नाही. पण तू ती गोष्ट नदीकाठावर गरमागरम झाकलीस आणि वर्षभर गाठ आवळत राहिलीस. वरून हात लावणाऱ्याला ती गार लागते. दुःख राखून ठेवायला माझी ना नाही, द्वारके. आईचं दुःख लेकीने राखावंच. पण आधी ते पसरावं, त्याला वारा लागू द्यावा, पोटातून निवू द्यावं आणि मग भरावं. तसं ठेवलेलं दुःख टिकतं. कोंडलेलं बुरसतं, आणि बुरसलेल्या दुःखात आई उरत नाही, नुसता कुबट वास उरतो."

द्वारकेच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. ते पुसावे असे तिला वाटले नाही. आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न तिने कित्येक महिन्यांत केला नव्हता. जेव्हा जेव्हा आई आठवे, तेव्हा आईच्या आधी सोपान उभा राही, आणि सोपान दिसला की ती दार लावून घेई. आई त्या दाराच्या पलीकडेच राहून गेली होती.

मग ती म्हणाली, "परवा तुम्ही दारात उभे होतात. मी गरम चकत्या भरताना पाहिलंत. तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू झाकणं उघडली असतीस," वैद्य म्हणाले. "पण ऐकलं नसतंस. तूही त्या वेळी उन्हातूनच आली होतीस."

रडता रडता द्वारकेला हसू आले. मग तिचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. "आणि बाबा, उघडून पाहिल्यावर आत सगळंच बुरसलेलं निघालं तर?"

"तर टाकून द्यायचं," ते सहजपणे म्हणाले. "सकाळी एक बरणी टाकलीच ना? सगळं वाचतं असं नाही. पण न उघडता ते कळत नाही."

ऊन कलले, तशी कासारीण कुंपणाशी आली. टोपली न उतरवताच तिने विचारले, "मग? काय सांगू सोपानला?" तिच्या आवाजात धाकधूक होती. द्वारका पुढे झाली आणि म्हणाली, "सांग, अक्का येते आहे. एक दिवस आधीच येते म्हणावं." कासारणीचा जीव भांड्यात पडला. खुशीने टोपली उतरवून तिने द्वारकेच्या मनगटात दोन हिरव्या बांगड्या चढवल्या आणि ती वाटेला लागली. चकत्या तोवर पुरत्या निवल्या होत्या. द्वारकेने तळापर्यंत हात घालून पाहिले आणि मगच त्या बरण्यांत भरल्या.

अष्टमीला दुपारी ती माहेरच्या अंगणात पोचली. सोपान दुसऱ्या दिवसाच्या तयारीत ओटा सारवत होता. कोपरापर्यंत शेणाने माखलेले हात घेऊन तो उभा राहिला आणि त्या हातांचे काय करावे, हे त्याला कळेना. वर्षभरात तो वाळला होता. कानांजवळचे केस पांढरे दिसत होते. द्वारकेला त्याची कणव आली, आणि त्याच वेळी छातीत जुना संतापही उसळला. दोन्ही एकदमच आले. ती ओट्याच्या कोरड्या कडेला बसली.

"सोपान," ती म्हणाली, "त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतास. ते सांग. मी मधे बोलणार नाही."

तो खाली बसला.  गावातल्या लोकांनी घाई केली, वेळ टळत होती, असे काहीतरी तो सांगेल अशी द्वारकेने मनाची तयारी केली होती. पाच कोसांच्या वाटेवर अशा सगळ्या कारणांना तिने उत्तरेही शोधून ठेवली होती.

"लोक थांब म्हणत होते, अक्का," सोपान म्हणाला. "सगळेच म्हणत होते, द्वारकेला येऊ दे. मीच थांबलो नाही." आपल्या माखलेल्या हातांकडे पाहत तो पुढे सांगू लागला. "आई आठ दिवस अंथरुणाला खिळली होती. रोज विचारायची, द्वारकेला कळवलंस का. मी रोज हो म्हणायचो. मी कळवलं नव्हतं. मला वाटायचं, उद्या उठून बसेल, उगीच तुझा जीव कशाला टांगणीला लावा. शेवटच्या रात्रीसुद्धा ती दाराकडे बघत होती. ती गेली तेव्हा मला एवढंच कळलं, की तू येशील आणि आईच्या देहापुढे बसून मला विचारशील, आठ दिवस का नाही कळवलंस. तुझ्या त्या प्रश्नाला मी भ्यालो. म्हणून घाई केली. दुसरं काही कारण नव्हतं."

 द्वारकेने वाटेत तयार केलेले एकही उत्तर या बोलण्याला लागू पडत नव्हते. हे तिला वाटले होते त्याहून वाईट होते. आई आठ दिवस दाराकडे पाहत होती, आणि ती स्वतः पाच कोसांवर कारली चिरत होती.  उठावे आणि पुन्हा एकदा तशीच माघारी फिरावे, असे तिच्या पायांना वाटले.

ती उठली नाही.  समोर तिचा भाऊ दोन्ही माखलेले हात मांडीवर ठेवून ढसाढसा रडत होता, आणि त्याच्या मागे, घराच्या उघड्या दारात, वर्षभरानंतर प्रथमच तिला आईचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"त्या आठ दिवसांत ती आणखी काय काय बोलली?" द्वारका म्हणाली. "मला सगळं सांग, सोपान. मी बसले आहे."